कर्नल ६.८ मध्ये नेटवर्क ४० टक्के फास्ट झालं मनतेत. पीपीपीओईच्या बॉक्सवर टाकावं का?

किल्ल्याखालचा_उदगीर

नमस्कार मंडळी,

उदगीरात आमची छोटी ब्रॉडबँडची लाईन हाय. दोन हजाराच्या आसपास गिऱ्हाईक, निम्मे गावात अन् निम्मे खेड्यांवर. सगळे पीपीपीओईवर, मनजे नाव-पासवर्ड टाकून लाईन जोडायची पद्धत. मधात एकच बॉक्स: जुना दोन सॉकेटचा, मनजे दोन प्रोसेसरचा, सर्व्हर, एकेका सॉकेटला सहा कोर, दोन पोर्टचं १० गिगाबिटचं सेकंडहँड कार्ड. एक पोर्ट अपलिंकला, दुसरं गिऱ्हाइकांकडं. डेबियन १२ लिनक्स, त्याचा गाभा मनजे कर्नल ६.१, वर गिऱ्हाइकांची जोडणी सांभाळणारं अ‍ॅक्सेल-पीपीपी. नॅट (सगळ्यांना मोजक्या आयपी पत्त्यांवरून बाहेर काढणं) बी त्याच्यावरच अन् स्पीडचं शेपिंग, मनजे प्लॅनप्रमाणं लगाम, बी त्याच्यावरच.

दिवसा सगळं झकास. सांजच्याला साडेसात-आठ वाजले की बोंब सुरू. ५० च्या प्लॅनवर १२-१५ मिळूलालंय, पिंग दीडशेच्या वर. पोरांचे ऑनलाइन क्लास अडकूलालेत, अन् मॅच असली की मला फोन खाली ठेवायची सोय नाही. अपलिंकवाले मनतेत, पाईप मोकळा हाय, तुमच्याकडूनच ओढ नाही. खरंच, अडीच गिगाबिटच्या वर आकडा जातच नाही. टॉप लावून बघितलं तर सीपीयू २०-२२ टक्के. मंग अडूलालंय कुठं?

आता वाचण्यात आलं की लिनक्स ६.८ मध्ये नेटवर्किंगचा कोड नव्यानं मांडलाय अन् टीसीपी ४० टक्क्यांपर्यंत वाढतंय. दुसरं असं वाचलं की वॉटर्लू युनिव्हर्सिटीच्या लोकांनी तीसेक ओळी बदलल्या अन् वीज ३० टक्क्यांपर्यंत वाचती. आमच्याकडं लाईट गेली की सगळा भार इन्व्हर्टरवर, मनून त्याच्यावर बी डोळा हाय. तर डेबियन १३ टाकावं का? त्याच्यात ६.१२ येतंय. चालू बॉक्स हाय, उगंच हात लावायची भीती वाटती.

---

संभाजीनगर_सीएसई

सर, बिनधास्त टाका. ६.८ च्या नंतरचं कुठलंही घ्या. नाहीतर सरळ डीपीडीके वापरा, कर्नलच बायपास होतो. आमच्या सेमिनारला हाच विषय होता.

---

तात्या_वजिराबाद

थांबा जरा. डीपीडीके घेतलं की नॅट, शेपिंग, पीपीपीओई, रेडियसचा (लॉगिन आणि वापराची नोंद ठेवणारी सोय) हिशोब हे सगळं तुम्हालाच नव्यानं उभं करावं लागतं. दोन हजार गिऱ्हाइकांच्या उदगीरच्या माणसाला हा सल्ला देऊ नये बाळा. सेमिनार मात्र चांगला झाला असणार.

उदगीरकर, आधी मला एक सांगा. तुमच्या बॉक्सवर टीसीपीची कनेक्शनं संपतात किती? तुम्ही एसएसएचनं आत शिरता ते एक. रेडियस तर यूडीपीवर चालतं. बाकी सगळी नुसती ये-जा आहे: एका पोर्टातून आत, नॅट, शेपिंग, दुसऱ्या पोर्टातून बाहेर. गिऱ्हाइकाचं टीसीपी त्याच्या मोबाइलात सुरू होतं आणि व्हिडिओवाल्याच्या सर्व्हरात संपतं. तुमच्या कर्नलातलं कनट्रॅक, म्हणजे चालू कनेक्शनांची नोंदवही, तेवढं जाता-येता डोकावतं.

आता ते ४० टक्के कशाचे आहेत ते बघा. ६.८ मार्च २०२४ ला आलं. त्यातली ही पॅचमालिका गूगलच्या कोको ली यांची. त्यात नवीन अल्गोरिदम नाही, काही नाही. फक्त स्ट्रक्चरमधल्या फील्डांच्या जागा बदलल्या. टीसीपीच्या एका सॉकेटची (इथं सॉकेट म्हणजे एक कनेक्शन, प्रोसेसरची जागा नव्हे) सगळी नोंद ठेवणारं जे स्ट्रक्चर आहे, टीसीपी-सॉक, ते दोन किलोबाइटच्या वर जातं. प्रोसेसर मात्र मेमरीतून एका वेळी ६४ बाइटच उचलतो, त्याला कॅशलाइन म्हणतात. इतकी वर्षं ज्याला जिथं भोक सापडलं तिथं त्यानं आपलं फील्ड घुसवलं. मोंढ्यातल्या आडत्याच्या खतावणीत एकाच शेतकऱ्याची उचल तिसऱ्या पानावर, हमाली अकराव्यावर आणि तोलाई विसाव्यावर असावी, तसं झालं होतं. पट्टी करायची म्हटलं की दरवेळी सगळी पानं उलटा. ली यांनी काय केलं, तर पॅकेट पाठवताना काय वाचावं लागतं, घेताना काय वाचावं लागतं, काय लिहावं लागतं, हे शोधून त्या-त्या गोष्टी शेजारी-शेजारी बसवल्या.

याला एवढं महत्त्व का, ते एका हिशोबात कळतं. १० गिगाबिटची लाईन सगळ्यात लहान, म्हणजे ६४ बाइटांच्या फ्रेमनी भरली, तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटं होतात. एका पॅकेटला मिळाले साधारण ६७ नॅनोसेकंद. कॅशमध्ये वस्तू नसली आणि मुख्य मेमरीत जावं लागलं, तर एका खेपेलाच ८०-१०० नॅनोसेकंद जातात. म्हणजे एक खेप झाली की त्या पॅकेटचं बजेट संपलं, अजून कामाला हातही लागलेला नाही. मोजकी कनेक्शनं असली तर सगळं कॅशमध्ये मावतं आणि फायदा किरकोळ दिसतो. हजारो कनेक्शनं एकाच मशीनवर उघडी असली की हे ४० टक्के दिसायला लागतात. म्हणून ते वेब सर्व्हर, प्रॉक्सी, डेटाबेस असल्या मशीनचे आकडे आहेत. तुमचं मशीन त्या वाटेनं जातच नाही.

वॉटर्लूचं काम वेगळं. तिथले मार्टिन कार्स्टन आणि फास्टलीचे जो डमाटो यांनी ते केलं, जानेवारी २०२५ च्या ६.१३ मध्ये आलं. एखादा प्रोग्राम ईपोल या कर्नलच्या सोयीतून सतत पॅकेटं ओढत असेल, तर तो कामात असेपर्यंत कार्डाचे इंटरप्ट, म्हणजे 'पॅकेट आलं' अशा हाका, थोपवून धरायचे आणि तो रिकामा झाला की परत चालू करायचे. कल्पना फार देखणी आहे, मला तर ६.८ पेक्षा जास्त आवडली. पण तुमच्याकडं असा प्रोग्राम आहे कुठं? तुमचं सगळं काम कर्नलच्या पोटात, सॉफ्टआयआरक्यू नावाच्या त्याच्या आतल्या कामात होतं. इन्व्हर्टरला यातून काही मिळणार नाही.

आता खरं दुखणं. बारा कोर आणि २०-२२ टक्के म्हणता. बारातला एक कोर पूर्ण १०० वर गेला तरी सरासरीत तो ८ टक्केच दिसतो. टॉप उघडून १ दाबा, म्हणजे कोर सुटे दिसतील. संध्याकाळी आठला तीन गोष्टी बघून इथं टाका:

एमपीस्टॅटमध्ये कुठल्या कोरचा सॉफ्ट हा रकाना फुगलाय. प्रॉक-इंटरप्ट्समध्ये गिऱ्हाइकांकडच्या पोर्टाच्या कुठल्या रांगेचे आकडे पळतायत. आणि प्रॉक-नेटमधली सॉफ्टनेट-स्टॅट, तिच्यात एका कोरची एक ओळ असते, आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायात). पहिला रकाना किती पॅकेटं हाताळली, दुसरा किती टाकून दिली, तिसरा काम शिल्लक असताना वेळ किंवा पॅकेटांचा कोटा संपून किती वेळा उठावं लागलं. कर्नल एका बैठकीत ३०० पॅकेटं किंवा ठरलेले काही मिलिसेकंद, जे आधी संपेल तेवढंच काम करतो. तो तिसरा रकाना एकाच ओळीत वाढत असेल तर समजा सापडलं.

---

किल्ल्याखालचा_उदगीर

तात्या, तुम्ही मनल्यावानीच निघालं.

कोर ० चा सॉफ्ट ९८-१०० वर चिकटूलालाय. बाकीचे १० ते २०. इंटरप्टमध्ये अपलिंकच्या पोर्टाच्या सगळ्या रांगा सारख्या पळतेत, पण गिऱ्हाइकाच्या पोर्टाची फक्त रांग ० पळती, बाकीच्या रांगा जवळजवळ जागेवरच. सॉफ्टनेटमध्ये पहिल्या ओळीचा तिसरा रकाना भराभरा वाढूलालाय. ईथटूलच्या आकडेवारीत त्याच पोर्टावर मिस्ड (उचलताच न आलेली पॅकेटं) मनून बी एक आकडा वाढतोय.

पण मला एक कळंना. गिऱ्हाइकाकडून येतंय ते अपलोड. ते तर सगळं मिळून तीनशे मेगाबिट बी नसंल. डाऊनलोड अडीच गिगाबिट अपलिंककडून येतंय, ते बरोबर वाटून जातंय. मंग हलकं पोर्ट कामून गुदमरूलालंय?

---

तात्या_वजिराबाद

हा प्रश्न आवडला. बहुतेकजण इथंच फसतात, कारण सगळे मेगाबिट मोजतात. कर्नलला मेगाबिटाशी घेणंदेणं नाही, त्याला पॅकेटची संख्या जड जाते. १५०० बाइटांचं पॅकेट असो की ६० चं, कनट्रॅकमध्ये शोधणं तेवढंच, नॅट तेवढंच, राउटिंग तेवढंच.

टीसीपीत साधारण दोन पॅकेटं आली की गिऱ्हाइकाचा मोबाइल एक पोच परत पाठवतो. अडीच गिगाबिट डाऊनलोड म्हणजे सेकंदाला दोन लाखांच्या वर मोठी पॅकेटं. त्याच्या निम्म्या पोचा धरा. त्यात गेम, व्हिडिओ कॉल, व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो वर चढवणं. सेकंदाला लाख-सव्वा लाख चिल्लर पॅकेटं त्या हलक्या पोर्टातून आत येतात आणि सगळी एकाच कोरच्या माथी. तुमच्या त्या कोरला कनट्रॅक, नॅट आणि शेपिंग धरून एवढं एकट्यानं झेपत नाही. पोच उशिरा गेली किंवा टाकली गेली की समोरचा सर्व्हर समजतो रस्त्यात गर्दी आहे, आणि आपणहून हात आखडतो. तुमचं डाऊनलोड अपलोडच्या रांगेत अडकलंय.

एकाच कोरवर का? कार्ड पॅकेटं वेगवेगळ्या रांगांत वाटतं ते आयपी पत्ता आणि पोर्ट नंबर बघून. अपलिंककडून साधं आयपी येतं, त्यामुळं वाटणी नीट होते. गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या फ्रेमवर आठ बाइटांचं पीपीपीओईचं वेष्टण असतं आणि आयपी त्याच्या आत. जुन्या कार्डांना ते वेष्टण उघडता येत नाही. पत्ताच दिसला नाही म्हटल्यावर सगळं जातं रांग ० मध्ये. काही नव्या कार्डांना ते जमतं, पण त्यासाठी आत्ता कार्ड बदलू नका.

कर्नलला मात्र ते उघडता येतं. यासाठी आरपीएस नावाची सोय २०१० पासून, २.६.३५ पासून कर्नलमध्ये पडून आहे. कोर ० नं फक्त पॅकेट उचलायचं, आतला पत्ता बघायचा आणि दुसऱ्या कोरच्या ताटात वाढायचं. जड काम तो दुसरा कोर करतो. एका कनेक्शनची पॅकेटं एकाच कोरकडं जातात, त्यामुळं पुढं-मागं होत नाहीत.

करायचं असं. त्या पोर्टाच्या आरएक्स-० रांगेखाली आरपीएस-सीपीयूज नावाची फाईल आहे, तिच्यात कोरचा मास्क (कुठले कोर वापरायचे ते सांगणारा आकडा) हेक्समध्ये लिहायचा. कार्ड ज्या सॉकेटला जोडलंय त्याच सॉकेटचे कोर द्या आणि कोर ० वगळा. दुसऱ्या सॉकेटला पाठवलं तर प्रत्येक पॅकेट दोन सॉकेटमधला पूल ओलांडणार, मग पुन्हा तीच मेमरीची रड. आणि इथं एक गंमत आहे: काही सर्व्हरांत एका सॉकेटला ० ते ५ असे सलग नंबर नसतात, एका सॉकेटला सम आणि दुसऱ्याला विषम असतात. मास्क लिहायच्या आधी एलएससीपीयू ही कमांड चालवून बघून घ्या. देगलूरला एका बॉक्सवर कुणीतरी सलग समजून मास्क लिहून ठेवला होता, आणि निम्मी पॅकेटं उगाच पलीकडच्या सॉकेटला जाऊन येत होती.

त्यासोबत नेटडेव्ह-मॅक्स-बॅकलॉग (कोरच्या दारात किती पॅकेटं थांबू शकतात) १००० वर असेल तो चार-पाच हजार करा, कारण आरपीएसची पॅकेटं त्याच बॅकलॉगमधून जातात. कार्डाची रिंग, म्हणजे आलेली पॅकेटं ठेवायची जागा, ५१२ वर असेल तर वाढवा, पण एकदम ४०९६ नको, २०४८ पुरे. फार मोठी रिंग केली की पॅकेटं टाकली जात नाहीत, नुसती वाट बघत बसतात आणि पिंग चढतो. आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट आपोआप कोरांत वाटणारा प्रोग्राम) चालू असेल तर बंद करा आणि अपलिंकच्या रांगा हातानं कोरला बांधा. कोर ० ला अपलिंकची रांग देऊ नका.

रिंगला हात लावताना पोर्ट क्षणभर खाली जातं, तेवढं पहाटे करा. बाकीचं चालू लाईनवर करता येतं.

---

परभणीचा_पुण्यात

तात्यांचं निदान बरोबर आहे, पण ६.८ चा काहीच संबंध नाही हे मला पूर्ण पटत नाही. मी रोज याच कोडात असतो म्हणून थोडं जोडतो.

त्या मालिकेत फक्त टीसीपी-सॉक नव्हतं. नेट-डिव्हाइस (एका इंटरफेसची नोंद) आणि नेमस्पेसचं (नेटवर्कच्या एका स्वतंत्र कप्प्याचं) आयपीव्ही४ चं स्ट्रक्चर यांचीही फेरमांडणी झाली. नेट-डिव्हाइसला प्रत्येक पॅकेट हात लावतं, मग ते बॉक्सवर संपणारं असो की पुढं जाणारं. उदगीरकरांकडं तर प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पीपीपी इंटरफेस, म्हणजे दोन हजार नेट-डिव्हाइस. त्यामुळं थोडा फायदा होऊ शकतो. ४० टक्के नाही, तिथं मी तात्यांच्याच बाजूनं.

आणि त्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट आकड्यात दिसतच नाही. फील्डं नीट लावणं हे पाहोल चालवून कुणीही चिकट माणूस करेल. स्ट्रक्चरमधली भोकं आणि कॅशलाइनच्या सीमा ते टूल दाखवतंच. अवघड आहे ते लावलेलं टिकवणं. दोन वर्षांनी कुणीतरी भलत्याच कामासाठी मधेच एक फील्ड घालतो आणि सगळी घडी विस्कटते, आणि कुणाला कळतही नाही, कारण काही मोडत नाही, नुसतं हळू होतं. म्हणून त्यांनी गट आखून दिले: पाठवताना वाचायचे, घेताना वाचायचे, दोन्हीकडं लिहायचे वगैरे. गटाच्या बाहेर फील्ड गेलं किंवा गट फुगला, तर कर्नल कंपाइल होतानाच ओरड होते. कुठलं फील्ड कुठल्या वाटेवर वापरलं जातं याचे तक्तेही कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ठेवलेत. एकत्र काम करणाऱ्या कुठल्याही मोठ्या कोडात ही पद्धत उचलण्यासारखी आहे.

वाचायची आणि लिहायची फील्डं वेगळी का, हेही सांगतो. एका कोरनं एखाद्या कॅशलाइनमध्ये काही लिहिलं की इतर कोरांकडची त्या लाइनची प्रत बाद होते. ६४ बाइटांत एकच काउंटर सतत बदलत असेल, तर त्याच्या शेजारी बसलेलं, कधीही न बदलणारं फील्डसुद्धा सगळ्यांना पुन्हापुन्हा आणावं लागतं. बारा कोरांवर हे बरंच महागात पडतं.

उदगीरकर, जमलं तर नेटफिल्टरचं फ्लोटेबलही बघा. सुरू झालेल्या कनेक्शनची पॅकेटं नेहमीची लांब वाट सोडून आखूड वाटेनं जातात. ५.१३ पासून पीपीपीओईलाही चालतं.

---

तात्या_वजिराबाद

परभणीकर, नेट-डिव्हाइसचं मान्य. दोन हजार इंटरफेसचा मुद्दा चांगला काढलात.

पण फ्लोटेबल यांना सांगू नका हो. ती आखूड वाट पीपीपी इंटरफेसला वगळून पॅकेट थेट खालच्या कार्डावर टाकते. आणि यांचं शेपिंग बसलंय कुठं? त्याच पीपीपी इंटरफेसवर. ५० च्या प्लॅनवाल्याला जेवढी लाईन मोकळी तेवढी मिळणार. डेटाचा हिशोबही त्या इंटरफेसच्या काउंटरवरून रेडियसला जातो, तोही कमी दिसणार. गिऱ्हाईक खूश होतील, प्रश्नच नाही, पण महिनाअखेरीला वसुलीला गेल्यावर १०० चा प्लॅन घेणारा एक माणूस सापडणार नाही. शेपिंग दुसरीकडं, खालच्या कार्डावर नव्यानं बांधायची तयारी असेल तरच.

---

परभणीचा_पुण्यात

हा, हे खरंय. आमच्याकडं गिऱ्हाईक नसतात त्यामुळं वसुलीचा अँगल डोक्यात येत नाही.

---

किल्ल्याखालचा_उदगीर

तात्या, लावलं. आमच्या सर्व्हरला बी सम-विषमचंच लफडं निघालं, एलएससीपीयू बघितलं मनून वाचलो. कार्ड सॉकेट ० ला हाय, त्याचे कोर ०, २, ४, ६, ८, १०. शून्य सोडून बाकीच्या पाचांचा मास्क दिला, ५५४. अपलिंकच्या रांगा बी त्याच पाचांवर बांधल्या. बॅकलॉग वाढवला, रिंग पहाटे २०४८ केली.

काल सांजच्याला मॅच होती. कोर ० चा सॉफ्ट ४० च्या आसपास, त्या पाचातला एक बी ७० च्या वर गेला नाही. ट्रॅफिक साडेतीन गिगाबिटला टेकलं, पिंग परत पहिल्यावानी. मिस्डचा आकडा जागेवर थांबलाय. फोन आला तो एकच, त्याची तर वायरच उंदरानं कुरतडलेली.

आता दोन शंका. एक, सॉकेट १ चे सहा कोर रिकामे बसून हायेत, त्याचं काय करावं? दोन, डेबियन १३ चं मंग राहू द्यावं का?

---

तात्या_वजिराबाद

सॉकेट १ ला रेडियस, लॉगिंग, ग्राफ काढणारे प्रोग्राम बांधून टाका. ते आत्ता पॅकेटवाल्या कोरांवर येऊन मधेमधे लुडबुड करत असतील. पाचांतला एखादा ८५ च्या पुढं जायला लागला, तर दुसरं कार्ड घेऊन ते सॉकेट १ च्या स्लॉटमध्ये घाला आणि खेड्यांकडची गिऱ्हाइकं तिकडं वळवा.

डेबियन १३ घ्या, पण वेगासाठी नको, १२ चे सुरक्षा अपडेट आटपत जातात म्हणून घ्या. आधी जुन्या डिस्कची प्रत काढून दुसऱ्या डिस्कवर करून बघा, अ‍ॅक्सेल-पीपीपीचं मॉड्यूल नव्या कर्नलवर कंपाइल होतंय का ते आधी तपासा. तिथंच बहुतेकांचं अडतं.

आणि हो, हे सगळे आकडे रीबूट झालं की पुसले जातात. आरपीएसचा मास्क, रिंग, इंटरप्टची बांधणी, सगळं. इंटरफेस वर येताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा आणि एकदा पहाटे मुद्दाम रीबूट करून सॉफ्टनेट-स्टॅटचा दहावा रकाना बघा. आरपीएससाठी त्या कोरला किती वेळा हाक मारून उठवलं ते तिथं मोजलं जातं. त्या पाचही ओळींत आकडा हलत असेल तर स्क्रिप्ट लागली. तुमच्याकडं लाईट किती वेळा जाते ते तुम्हीच सांगितलंय, तेव्हा हे आजच करा.

---

संभाजीनगर_सीएसई

तात्या, आरपीएस आणि आरएफएसमध्ये फरक काय? पुढच्या सेमिनारला घेईन म्हणतो.

---

तात्या_वजिराबाद

आरपीएस पत्ता बघून कोर ठरवतं. आरएफएस बघतं की ते पॅकेट वाचणारा प्रोग्राम कुठल्या कोरवर चाललाय, आणि तिकडं पाठवतं. म्हणजे राउटरला आरपीएस, सर्व्हरला आरएफएस. उदगीरकरांच्या बॉक्सवर आरएफएस लावून काही उपयोग नाही, ते का, हे सेमिनारमध्ये तू सांग.